गंधाखालचा तडा

परवा फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, तू आजोबांवर रागावली आहेस का?" मी "जेवलीस का" असं काहीतरी विचारून विषय बदलला. तेवढ्यात मागून तुमचे आजोबा हसत म्हणाले, "अगं, गाडीला एक ठिगळ लावलं, तर तुझी आजी फुगून बसली आहे!" तुम्ही दोघीही हसलात. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या आईने हे तुम्हांला मोठ्याने वाचून दाखवावं आणि एकही वाक्य गाळू नये. लेक वडिलांची बाजू घेते हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

होय, मी रागावले आहे. ठिगळासाठी नाही. कशासाठी ते क्रमाने सांगते, कारण क्रम सोडून सांगितलेली गोष्ट आजोबांना फार सोयीची पडते.

उन्हाळ्यात तुम्ही तंजावरला आलात तेव्हा आजोबांनी तुम्हांला मोटारसायकलवरून पापनाशमच्या पुढे आपल्या नारळाच्या बागेत नेलं होतं. थोरली मागे बसली होती. धाकटी पुढे, पेट्रोलच्या टाकीवर, हँडलला दोन्ही हातांनी धरून. त्या मोटारसायकलचं वय तुमच्या आईच्या लग्नापेक्षा जास्त आहे. आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्यांवर आणि पुलांवर फिरून भिंतींतले तडे शोधणं हेच त्यांचं काम होतं, आणि ते काम त्यांनी याच गाडीवर बसून केलं. तडा म्हणजे काय हे ज्याला शिकवावं लागणार नाही असा एखादा माणूस गावात शोधायचा झाला, तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं.

आता आयुधपूजेबद्दल. तिकडे तुम्ही दसऱ्याला फोटो काढता. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात. सरस्वतीपुढे पाटावर पुस्तकं, त्याच्या बाजूला माझी विळी, कात्री, शिवणाचं यंत्र, आजोबांची मोजपट्टी आणि पाणसळ. आणि दाराशी, तिण्णैच्या ओट्याला टेकून, मोटारसायकल. त्या दिवशी गाडीसाठीचं चंदन आजोबा स्वतः सहाणेवर उगाळतात. माझ्या हातचं त्यांना पातळ वाटतं. मग दिव्याच्या काचेला एक टिळा, आरशांना एकेक, आणि सगळ्यांत मोठा, बोटभर जाड, हँडलच्या खाली, जिथे सांगाड्याचे नळ एकत्र येतात त्या जागी. "हे तिचं कपाळ," असं म्हणतात. त्यावर कुंकू. चाकाखाली लिंबू.

हे गंध आमच्याकडे कुणी पुसत नाही. देवाला लावलेलं पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं. दिव्यावरचं पावसाने जातं. पण कपाळावरचं जात नाही, कारण ती जागा टाकीच्या पुढच्या कडेखाली दडलेली आहे. तिथे पावसाची धारही पोचत नाही आणि फडकंही. पुढच्या वर्षी जुन्या थरावर नवा थर. त्यात दर शुक्रवारी आजोबा गाडीवर बादलीने पाणी ओततात. पाणी बाकी सगळीकडून ओघळून जातं, त्या गंधात मात्र मुरून बसतं. मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. लोखंड, ओल आणि हवा एकत्र आली की काय होतं हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही सांगता येतं. त्यासाठी देवाची परवानगी लागत नाही.

यंदा पूजेच्या आधी आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. म्हणून गाडी पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी जे पुसते ते पूर्ण पुसते. दिवा झाला, चाकं झाली, मग टाकीखाली हात घातला तर भिंतीच्या चुन्यासारखं काहीतरी खरखरीत लागलं. जुना चमचा आणून मी ते खरवडायला लागले. गंधाबरोबर रंग निघाला, रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे, तपकिरी, कांद्याच्या सालीसारखे. त्या सगळ्याच्या खाली नळावर एक काळी रेघ होती. वाटलं, घाण असेल. ओल्या फडक्याने पुसलं. रेघ गेली नाही. मी हँडल जरा दाबलं, तर रेघ उघडली. सोडलं, मिटली.

"अहो, इकडे या."

काळा चष्मा लावून आले. आधी जमिनीवर पडलेला चुरा बघितला.

"देवाचं गंध चमच्याने खरवडलंस? ऐन पूजेच्या तोंडावर?"

"गंधाचं राहू द्या. वर बघा."

"मला अजून नीट दिसत नाही."

"बोटाला दिसतं ना? बोट लावा."

त्यांनी बोट लावलं. ते बोट थेट रेघेवर गेलं, चाचपडलं नाही. हे मला तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं, एवढंच लिहून पुढे जाते.

"ओण्णुम आगादु," ते म्हणाले. काही होत नाही. आपल्या घरात स्वयंपाक मराठीत होतो, कागदपत्रं इंग्रजीत, आणि सबबी तमिळमध्ये.

मी म्हटलं, टाकी उतरवा, सगळं सुटं करा, रंग आणि गंज पार खरवडून काढा आणि मग वेल्डिंग करा. यंदा गाडी पूजेला नसली तरी चालेल.

"पूजेला गाडी नाही? मग आयुधपूजा कशाची, तुझ्या विळीची?"

"विळीला तडा नाही."

ते चष्मा सारखा करत आत गेले. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी मी देवळातून परत आले तर गाडी जागेवर नव्हती. शेजाऱ्याकडून ढकलून घेऊन हे राजवाड्यामागच्या वेल्डिंगच्या पट्टरैत, म्हणजे कारखानावजा शेडमध्ये, गेले होते. संध्याकाळी गाडी परत आली. हँडलखाली काळा रंग चकाकत होता. "झालं बघ तुझं वेल्डिंग," म्हणाले. मी नखाने रंग दाबला, ओला होता. त्याखालचा सांधा बोटाला खडबडीत, छिद्रंछिद्रं लागला, तापल्या तव्यावर घातलेल्या डोशासारखा. डोशाला जाळी पडली तर कौतुक करावं, सांध्याला नाही. गंज आणि रंग तसाच ठेवून त्यावर वेल्डिंग केलं की खालचा रंग जळतो, त्याचा वायू वितळलेल्या धातूतून वर येतो आणि भोकं ठेवून जातो. सांधा लोखंडात शिरत नाही, जखमेवरच्या खपलीसारखा वर बसून राहतो.

हे मी सांगितलं. "तू पेपर तपासायचं सोड आता," असं उत्तर मिळालं.

पूजा झाली. त्या ओल्या रंगावर यांनी पुन्हा बोटभर गंध लावलं. मी सगळ्या अवजारांवर अक्षता टाकल्या. गाडीवर टाकल्या नाहीत. त्यांनी ते पाहिलं.

दसऱ्याला पूजेतली अवजारं उचलून थोडी तरी वापरायची असतात, म्हणजे वर्षभर चालतात. मी विळीवर भोपळा चिरला. हे म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारतो, शास्त्रापुरती." डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडीचा सांधा असला, आणि शास्त्र! मी दारात आडवी उभी राहिले. ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि वळसा घालून पुढे येऊन गाडी घेऊन गेले. कोपरा पापनाशमच्या रस्त्यापर्यंत लांबला.

परत आले ते सामानाच्या छोट्या टेम्पोतून. त्याला इथे 'कुट्टी यानै', म्हणजे हत्तीचं पिल्लू, म्हणतात. मागे गाडी आडवी बांधलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी हे, कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. कालव्याच्या पुलाच्या चढावर सांधा सुटला. हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे. गाडी बांधावर अडकली आणि हे खाली, नुकतीच भाताची लावणी झालेल्या शेतात जाऊन बसले. गुडघे सोलले होते, बाकी काही नाही. काळा चष्मासुद्धा शाबूत.

"मामी," ड्रायव्हर मला म्हणाला, "सारनी अर्ध्या शेताची लावणी उपटून काढली. शेतकरी म्हणतो, बसले आहेत तर परत लावूनच जाऊ द्या."

अख्खी गल्ली हसली. आजोबाही हसले, चिखलाने भरलेले हात वर करून. मला हसू आलं नाही. चिखल मऊ होता. उन्हाळ्यात त्या शेतात चिखल नसतो, ढेकळं असतात, आणि पुलाच्या अलीकडे दगडी कठडा आहे. मला टाकीवर बसलेली धाकटी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर पट्टरैत गेले. त्यांनी नको नको म्हटलं. मी चपला घातल्या होत्या.

वेल्डर पन्नाशीचा, भरघोस मिशांचा. त्याने मोडलेली चासी, म्हणजे गाडीचा तो लोखंडी सांगाडा, उलटी करून बघितली, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि यांना म्हणाला, "काय सार, मी पोंगललाच नव्हतं का सांगितलं? स्टँड जोडायला आणली होतीत तेव्हा? तेव्हा खालून दिसली होती, रेघ केसाएवढी होती."

पोंगल जानेवारीत येतो. तुम्ही आलात मे महिन्यात.

मी यांच्याकडे बघितलं. ते भिंतीला टेकवलेल्या कुणाच्यातरी गेटकडे बघत होते.

"तुम्हांला पोंगलपासून माहीत होतं?"

"केसाएवढी होती गं."

"आणि मेमध्ये धाकटीला टाकीवर बसवलंत?"

"हळू चालवली. मुद्दाम हळू चालवली."

"म्हणजे माहीत होतं म्हणून हळू चालवलीत!"

शेडमधला ग्राइंडर थांबला. वेल्डरला वाटलं आपण मध्ये पडलेलं बरं. "मामी, सार म्हणाले, पोरी परत गेल्या की बघू. टाकी, वायरिंग, सगळं उतरवायचं म्हणजे गाडी अडकून पडते. पोरी येणार, त्यांना गाडीवरून न्यायचं कबूल केलंय, म्हणाले."

"आणि तुम्ही? तुम्हांला तडा दिसला होता. मग पूजेच्या आधी रंगावरच वेल्डिंग कसं ओढलंत?"

"सार म्हणाले, पूजेपुरतं करून द्या."

"पूजेपुरतं! लग्नापुरता दागिना आणतात, तशी पूजेपुरती गाडी?"

"मामी, त्या दिवशी अख्ख्या गावाच्या गाड्या दारात असतात. संध्याकाळी मलाही माझी अवजारं पूजेत ठेवायची असतात. कुणाकुणाला शिकवू?"

"ज्याची मान मोडणार आहे त्याला."

त्याला लाज वाटली असं मी म्हणणार नाही. त्याला मी जावी असं वाटत होतं. मी स्टूल मागून घेतलं आणि बसले.

आजोबांना मी बाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. वेल्डिंगचा उजेड ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चालत नाही. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे पाठ करून बसले होते. मला वेल्डरने काळ्या काचेचा मुखवटा दिला.

या वेळी टाकी उतरली, बॅटरी सुटली, तारा बाजूला झाल्या. रंग खरवडल्यावर नळ कुठपर्यंत कुजला आहे ते दिसलं. वेल्डर हातोडीने नळावर ठोकत गेला. चांगलं लोखंड ठणठण बोलतं, कुजलेलं भद्द. जिथे आवाज स्वच्छ झाला तिथे त्याने खूण केली. मी त्याच्या पुढे अजून थोडं ठोकायला लावलं. तो म्हणाला, "मामी, असं करत गेलो तर मागचा दिवाच उरेल." पण ठोकलं. कुजलेला तुकडा कापून टाकला. आत घट्ट बसेल असा दुसरा नळ घातला, म्हणजे जोड नुसता बाहेरून चिकटवलेला राहणार नाही. कडा तिरप्या घासल्या, वितळलेला धातू तळापर्यंत जावा म्हणून. मग थोडं वेल्डिंग इकडे, थोडं तिकडे, मध्ये थांबून, कारण एकाच बाजूने ओढत गेलं तर चासी वाकते आणि पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. कोपऱ्यात तिकोनी पत्रा जोडला, आधाराला. शेडमधल्या एकाने थंड करायला पाण्याचा मग उचलला तेव्हा मी मुखवट्याच्या आतूनच ओरडले. गरम सांध्यावर पाणी ओतलं की तो ठिसूळ होतो. वेल्डरही त्याच्यावर ओरडला, माझ्यापेक्षा वाईट शब्दांत. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते तेवढंच.

सांधा आपोआप निवत होता तेव्हा मी बाहेर आले. आजोबांनी माझ्यासाठी चहा मागवून ठेवला होता.

"वर्षातून एकदा-दोनदा येतात," रस्त्याकडेच बघत ते म्हणाले. "त्यांना काय सांगणार होतो? गाडी मोडली आहे?"

"हो. एवढंच सांगायचं होतं."

"धाकटी विमानतळापासून विचारत होती, टाकीवर कधी बसवणार म्हणून."

"तिचं मन मोडवलं नाही तुम्हांला. आणि तिचं डोकं?"

चहा तसाच राहिला.

मुलींनो, हे वाचून तुम्हांला वाटेल, बिचारे आजोबा, आपल्यासाठीच केलं त्यांनी. तेच तुम्हांला वाटू नये म्हणून मी इतकं लिहिते आहे. प्रेम होतं, मी नाही म्हणत नाही. पण प्रेमाने तडा बुजत नाही. ज्या माणसाने पुलाच्या भिंतीत केसाएवढी रेघ दिसली तर वाहतूक बंद करायला लावली, त्याने आपल्या नातींसाठी तीच रेघ गंधाखाली राहू दिली. पुलावरून जाणारे परके होते, म्हणून त्यांच्या बाबतीत खोटं बोलणं जमलं नाही. तुम्ही घरच्या, म्हणून जमलं. याचा मला राग आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही.

गाडी आता घरी आहे. जोडावर मी काळा रंग लावू दिला नाही. फिकट राखाडी लावला आहे, पुन्हा रेघ उमटली तर दुरून दिसेल असा. गंध आता दिव्याच्या काचेवरच लावायचं, असं ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिल्यावर पहिल्या फेरीला मागे मी बसले, नऊवारी नाही, साधी साडी, पदर खोचून. सगळी गल्ली दारात आली होती. त्याच पुलापर्यंत गेलो. वाटेत प्रत्येक गतिरोधकानंतर मी गाडी थांबवायला लावून उतरून सांधा बघितला. एकदा ते म्हणाले, "अगं, लोक बघतात." मी म्हटलं, "बघू देत. पोंगललाच बघितलं असतं कुणी तर बरं झालं असतं." सांधा जसाच्या तसा होता. जिथे ते पडले होते तिथलं भात परत लावलेलं होतं, बाकीच्यापेक्षा थोडं बुटकं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आता झालं ना समाधान? डिसेंबरात मुली आल्या की नेऊ ना बागेत?"

मी म्हटलं, गाडीवर माझा विश्वास आहे. तुमच्यावर नाही.

हे मी रागाच्या भरात म्हटलं नाही, हिशेब करून म्हटलं. लोखंडाचं बरं असतं, कापून, घासून, नवं घालून जोडता येतं आणि ठोकून बघता येतं. तेव्हा डिसेंबरात तुम्ही दोघी माझ्याबरोबर पॅसेंजर गाडीने पापनाशमला याल. आजोबांना यायचं असेल तर त्यांनी मोटारसायकलवरून यावं आणि स्टेशनवर भेटावं.

पुढचं त्यांच्या हातात आहे. मी त्यांना सांगितलं आहे की मुलींना हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा: पोंगलला कळलं होतं, तरी मेमध्ये बसवलं. ते सांगितलंत, की मग टाकीवर नाही, पण मागच्या सीटवर, एकेकीला, हेल्मेट घालून, न्यायचं की नाही त्याचा विचार करू. ते म्हणाले, "मग त्या माझ्याकडे कशा बघतील?" मी म्हटलं, तो प्रश्न पोंगललाच पडायला हवा होता.

त्यानंतर दोनदा तुमचा फोन येऊन गेला. एकदा ते हवेबद्दल बोलले, एकदा ठिगळाबद्दल. या रविवारी मी फोन त्यांच्या हातात देईन आणि शेजारी बसून राहीन. तुम्ही विचारा. आणि ते उत्तर देईपर्यंत दुसरं काहीही बोलू नका.